टाटा मूलभूत संशोधन संस्था : प्रायोगिक मूलकण-संशोधनाची आठ दशके

छत्रपती संभाजीनगर येथे भौतिकीच्या अध्यापनात उमर घालविलेल्या या लेखकाकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील प्रायोगिक मूलकण-संशोधनाचा इतिहास लिहिण्याचे काम स्मरणिकेच्या संपादक मंडळाने सोपविले, तेव्हा प्रथम संकोच वाटला. परंतु थोडा विचार करता असे दिसून आले की, ज्या पंडित जवाहरलाल नेहरूंनी १ जानेवारी १९५४ रोजी कुलाब्याच्या समुद्रतीरावर या संस्थेच्या वास्तूचा पाया घातला, त्यांच्याच हस्ते २३ ऑगस्ट १९५८ रोजी आमच्या मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले, आणि नव्याने स्वतंत्र झालेल्या देशात विद्येची केंद्रे उभी राहावीत ही जी त्या काळची तळमळ होती, तिचीच ही दोन अपत्ये असल्यामुळे एकाने दुसऱ्याची वाटचाल सांगावी यात अनुचित काही नाही.

मूलकण भौतिकी या शास्त्राचा विषय अणूच्या गर्भापेक्षाही सूक्ष्म असतो, आणि त्याची साधने मात्र खाणीचे बोगदे व्यापणारी, डोंगरमाथे अडविणारी, कित्येक मैल परिघाची असतात. असे साधन एकट्यादुकट्याच्या बुद्धीने उभे राहत नाही. त्यासाठी सिद्धान्त जाणणारा, काच फुंकणारा, लोखंड कातणारा, तारा जोडणारा, आकडे मांडणारा आणि जमाखर्च चोख ठेवणारा असे सर्व लागतात. या संस्थेच्या इतिहासात एक सूत्र अखंड आढळते, ते हे की, उपकरण बाहेरून आणण्यापूर्वी ते आपल्या कारखान्यात घडविता येईल काय, हा प्रश्न प्रत्येक पिढीने प्रथम विचारला. आणि पुढे जगातील सर्वांत मोठ्या टक्करयंत्रांवर भारतीयांना जे स्थान मिळाले, ते या प्रश्नाच्या उत्तरांतून मिळाले, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

स्थापना आणि पहिले दशक : १९४५ ते १९५४

डॉ. होमी जहांगीर भाभा १९३९ साली केंब्रिजहून सुटीवर मायदेशी आले असता महायुद्ध पेटले आणि त्यांचे परत जाणे राहिले. तत्पूर्वीच इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांच्या परस्पर विकिरणाचे त्यांचे गणित आणि हाइट्लर यांच्यासमवेत मांडलेली विश्वकिरणांच्या वर्षावाची उपपत्ती यांमुळे त्यांचे नाव विद्वन्मंडळात सर्वश्रुत झाले होते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या सान्निध्यात त्यांनी विश्वकिरण-संशोधनाचा एक लहानसा विभाग चालविला. आणि १२ मार्च १९४४ रोजी सर दोराबजी टाटा विश्वस्त निधीचे प्रमुख सर सोराब सकलातवाला यांना पत्र धाडून, मूलभूत भौतिकीच्या संशोधनासाठी स्वतंत्र पीठ स्थापन करावे, म्हणजे पुढे अणुशक्तीचा प्रश्न उभा राहील तेव्हा देशाला तज्ज्ञांसाठी परमुलुखाकडे पाहावे लागणार नाही, अशी विनंती केली. हिरोशिमाच्या घटनेपूर्वी सुमारे दीड वर्ष लिहिलेले हे पत्र दूरदृष्टीचा दाखला म्हणून वारंवार सांगितले जाते, आणि ते योग्यच आहे. पण विश्वस्तांनी ते दप्तरी न लावता तत्परतेने तरतूद केली आणि मुंबई सरकारनेही या कामी हात दिला, याचेही श्रेय तितकेच मोठे मानले पाहिजे.

१ जून १९४५ रोजी बंगळुरात संस्थेचे काम सुरू झाले आणि १९ डिसेंबर १९४५ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर जॉन कोलव्हिल यांच्या हस्ते पेडर रोडवरील ‘केनिलवर्थ’ या बंगल्यात तिचे रीतसर उद्घाटन झाले. बंगल्याच्या दालनांत गणिती, सैद्धान्तिक आणि प्रायोगिक अशी तीनही मंडळी एकत्र नांदत. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून आलेले दामोदर धर्मानंद कोसंबी हे आरंभीच्या गणितज्ञांपैकी होत. १९४९ साली संस्थेने मुक्काम हलविला तो गेटवे ऑफ इंडियाजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या वास्तूत. आणि तीही अपुरी पडू लागल्यावर कुलाब्याच्या टोकाशी लष्कराने महायुद्धकाळात बांधलेल्या बराकींतून प्रयोगशाळा थाटण्यात आल्या.

त्या वेळी भारतात मोठा वेगवर्धक नव्हता, आणि तो उभारण्याइतका पैसाही नव्हता. निसर्ग मात्र विश्वकिरणांच्या रूपाने, मानवनिर्मित यंत्रांच्या आवाक्याबाहेरच्या ऊर्जेचे कण फुकट पाठवीत होता. सबब पहिली पिढी त्यांच्याकडे वळली. गायगर गणित्रांच्या नळ्या संस्थेतच घडविण्यात आल्या, मेघकोठ्या बांधण्यात आल्या, आणि रॉचेस्टरहून बर्नार्ड पीटर्स येऊन दाखल झाल्यावर छायाचित्रण-पायसाच्या जाड थरांत कणांचे मार्ग टिपण्याचे तंत्र रुजले. अशा पट्ट्या फुग्यांबरोबर आकाशात पाठवायच्या, परत आल्यावर धुवायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली महिनेन्‌महिने तपासायच्या, असा हा उद्योग असे. देवेंद्र लाल, यश पाल आणि राम ही पुढे कीर्तिमान झालेली तरुण मंडळी या शाळेत तयार झाली. १९४९ साली रुजू झालेल्या बिभा चौधुरी या संस्थेतील पहिल्या महिला संशोधक होत. मँचेस्टरला पॅट्रिक ब्लॅकेट यांच्या प्रयोगशाळेत शिकून आलेल्या या विदुषींचे नाव अलीकडे पुन्हा घेतले जाऊ लागले आहे, ही समाधानाची गोष्ट होय.

१९५१ साली भाभांच्या सूचनेवरून बी. व्ही. श्रीकंतन हे तरुण संशोधक गायगर गणित्रे घेऊन म्हैसूर राज्यातील कोलारच्या सुवर्णखाणीत उतरले. जमिनीखाली जसजसे खोल जावे, तसतसा खडक इतर कण शोषून घेतो आणि म्यूऑन तेवढे पुढे जातात. ते कोणत्या खोलीवर किती उरतात हे मोजावे, एवढाच त्या वेळचा मर्यादित हेतू होता. या एका उतरणीतून चाळीस वर्षांचा कार्यक्रम निघाला.

दुसरे दशक : १९५५ ते १९६४

१९५५ साली ब्रिस्टलच्या सेसिल पॉवेल यांच्या प्रयोगशाळेतून एम. जी. के. मेनन आले आणि पायस-विभागास व खाणीतील कामास नवे नेतृत्व लाभले. फुग्यांच्या तंत्राची कथा येथे विस्ताराने सांगितली पाहिजे, कारण तिचा आमच्या मुलुखाशी संबंध आहे. विषुववृत्ताजवळच्या प्रदेशात पृथ्वीच्या चुंबकत्वामुळे अल्प ऊर्जेचे कण वातावरणात शिरू शकत नाहीत आणि उच्च ऊर्जेचे तेवढे निवडून येतात, हा संशोधकाचा मोठा लाभ. परंतु याच प्रदेशात सुमारे सोळा-सतरा किलोमीटर उंचीवर तापमान शून्याखाली ऐंशी अंशांच्याही पलीकडे उतरते, आणि परदेशी बनावटीचे पॉलिथीनचे फुगे त्या थंडीने ठिसूळ होऊन फाटत. तेव्हा संस्थेने त्या थंडीला टिकणारे फुगे स्वतः बनविण्याचे ठरविले. हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठाच्या साहाय्याने उड्डाणांच्या मोहिमा निघाल्या, आणि १९७० च्या सुमारास तेथे कायमचे फुगाकेंद्र स्थापन झाले. या केंद्राहून सोडलेली उपकरणे रंगीत हवाई छत्र्यांनी भूमीवर उतरतात ती कधी आंध्र-तेलंगणात, कधी कर्नाटकात, तर कधी महाराष्ट्राच्या सीमाभागात. आणि शेतात सापडलेली पेटी न उघडता पोलिसांस किंवा डाकघरास वर्दी द्यावी, असे आवाहन संस्था जनतेस करते. वर्दी देणाऱ्या अनामिक शेतकऱ्यांचा या संशोधनात वाटा आहे, आणि स्मरणिकेत त्यांची नोंद असावी असे वाटते.

याच दशकात संस्थेच्या तरुणांनी इलेक्ट्रॉनिक संगणक स्वतः बांधला. सुमारे २,७०० निर्वात नळ्यांचे आणि २,०४८ शब्दांच्या स्मृतीचे हे यंत्र १९६० साली पूर्णपणे कामास लागले आणि १९६२ साली नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. १५ जानेवारी १९६२ रोजी कुलाब्याच्या नव्या वास्तूचेही उद्घाटन त्यांच्याच हस्ते झाले. १९६४ साली सीडीसी ३६०० हा अमेरिकी बनावटीचा मोठा संगणक बसविण्यात आला, आणि परदेशी वेगवर्धकांवरील बुद्बुदकोठ्यांत टिपलेल्या छायाचित्रांच्या फिती मुंबईत आणून मोजण्याचे काम वेगाने सुरू झाले. येथूनच वेगवर्धकांच्या जगाशी संस्थेचा व्यवहार जडला.

तिसरे दशक : १९६५ ते १९७४

हे दशक कोलारचे आहे. खाणीतील मोजमापांत एक विलक्षण अनुभव आला होता : सर्वाधिक खोलीवर उपकरण ठेवले असता कित्येक आठवडे एकही कण नोंदला गेला नाही. सामान्यतः ज्यास अपयश म्हणावे, त्यात या मंडळींना संधी दिसली. जेथे वरून येणारा म्यूऑन पोहोचतच नाही, तेथे एखादा म्यूऑन आडव्या दिशेने किंवा खालून आला, तर तो न्यूट्रिनोनेच आसपासच्या खडकात निर्माण केलेला असणार. कारण संपूर्ण पृथ्वी भेदून येण्याचे सामर्थ्य दुसऱ्या कोणत्याही ज्ञात कणात नाही. वातावरणात विश्वकिरणांपासून न्यूट्रिनो उत्पन्न होत असले पाहिजेत, हे सिद्धान्ताने माहीत होते. पण ते कोणी पाहिले नव्हते.

टाटा मूलभूत संशोधन संस्था, जपानचे ओसाका सिटी विद्यापीठ आणि इंग्लंडचे डरहॅम विद्यापीठ यांनी मिळून चॅम्पियन रीफ खाणीच्या हीथकोट शाफ्टमध्ये सुमारे ७,६०० फूट खोलीवर सिंटिलेटर आणि निऑनच्या चमकनळ्या यांच्या उभ्या भिंती रचल्या. तेथील उष्मा आणि दमट हवा यांत विद्युत्-उपकरणे टिकविणे हीच मोठी कसोटी होती, आणि ती पार पडली ती खाणकामगारांच्या, लिफ्टवाल्यांच्या व तंत्रज्ञांच्या रोजच्या साहाय्याने. मेनन, श्रीकंतन, पी. व्ही. रमण मूर्ती, व्ही. एस. नरसिंहम, जपानचे मियाके आणि इंग्लंडचे वुल्फेन्डेल ही या कामातील प्रमुख नावे. त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेतील सुवर्णखाणीत फ्रेडरिक राइन्स यांचा गट हाच शोध घेत होता. राइन्स यांच्या गटाची पहिली नोंद काही आठवडे आधीची. पण शोधनिबंध प्रसिद्ध झाला तो कोलारचा प्रथम, १५ ऑगस्ट १९६५ रोजी, आणि राइन्स यांचा ३० ऑगस्टला. वातावरणातील न्यूट्रिनोंचे जगातील पहिले दर्शन अशा रीतीने दोन खाणींत जवळजवळ एकाच वेळी झाले. आमच्या क्रमिक पुस्तकांत रामन-परिणामास जे स्थान आहे, त्याच्या शेजारी कोलारच्या या प्रयोगास दोन ओळी तरी मिळाव्यात, असे या लेखकास मनापासून वाटते.

२४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँ पर्वतावर झालेल्या विमान-अपघातात भाभांचा अंत झाला. संस्थेवर तो वज्राघात होता. परंतु मेनन यांनी संचालकपदाची धुरा वाहिली आणि एकही प्रयोग थांबला नाही. १९७४ साली संस्थेच्या आश्रयाने होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झाले. त्यामागे मूलकणांचे सैद्धान्तिक अभ्यासक भा. मा. उदगावकर आणि वि. गो. कुलकर्णी यांचे परिश्रम होते, आणि खानदेशातील खिरोदा परिसरातील शाळांतून त्या केंद्राने केलेले काम महाराष्ट्रातील जुन्या शिक्षकांस आठवत असेल.

चौथे दशक : १९७५ ते १९८४

श्रीकंतन १९७५ साली संचालक झाले आणि खाणीने दुसरा मोठा प्रश्न हाती घेतला. निसर्गातील बले मुळात एकच असावीत, असे सांगणाऱ्या नव्या सिद्धान्तांनी प्रोटॉनही अमर नसून तो अतिदीर्घ काळाने क्षय पावत असावा, असे भाकीत केले होते. एका प्रोटॉनची वाट पाहत विश्वाचे आयुष्य संपेल. पण अगणित प्रोटॉन एकत्र ठेवले, तर त्यांतील एखादा वर्षभरात क्षय पावताना सापडू शकेल, हा या प्रयोगामागील साधा हिशेब. त्यानुसार ओसाकाच्या सहकार्याने सुमारे १४० टन लोखंडाच्या पत्र्यांच्या थरांत प्रमाणी गणित्रांच्या नळ्या बसवून, खाणीत २.३ किलोमीटर खोलीवर जगातील पहिले खास प्रोटॉन-क्षयासाठी बांधलेले उपकरण १९८० च्या अखेरीस कामास लागले. पुढे त्याहून मोठे दुसरे उपकरणही बसले. क्षयाच्या म्हणता येतील अशा काही घटना नोंदल्या गेल्या आणि त्यांवर जगभर चर्चा झाली. परंतु अमेरिका व जपान येथील कितीतरी मोठ्या उपकरणांनी त्यांस दुजोरा दिला नाही, आणि प्रोटॉन आजवर तरी अढळ आहे. शास्त्रात नकारार्थी उत्तरही उत्तरच असते, आणि ते प्रथम विचारण्याचे धैर्य कोलारच्या गटाने दाखविले.

पाचवे दशक : १९८५ ते १९९४

सोन्याचा उतारा कमी झाल्याने खाणींचा कारभार आटोपता घेतला जाऊ लागला आणि १९९० नंतर लवकरच प्रयोगांनाही तेथून उठावे लागले. इतकी खोल, इतकी निःशब्द जागा देशाने गमावली, ही हानी भरून आलेली नाही. संस्थेत त्या काळी पुढील दिशेविषयी विविध मते असणे स्वाभाविक होते. सर्वांनी विचारविनिमयाने मार्ग काढला आणि बहुतेक मंडळी टक्करयंत्रांकडे वळली.

टक्करयंत्रात परस्परविरुद्ध दिशांनी धावणाऱ्या कणांच्या शलाका समोरासमोर आदळतात आणि त्या ऊर्जेतून नवे कण निर्माण होतात; भोवती रचलेल्या डिटेक्टरांच्या थरांवरून त्यांची ओळख पटते. जिनिव्हाजवळील सर्न या प्रयोगशाळेच्या २७ किलोमीटर परिघाच्या बोगद्यात १९८९ साली लेप हे इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन टक्करयंत्र सुरू झाले. त्यावरील एल-३ या प्रयोगात संस्थेचा गट सामील होता. आणि हलक्या न्यूट्रिनोंच्या जाती तीनच आहेत, हा लेपवरील चार प्रयोगांनी मिळून दिलेला निर्णय त्या सहभागाचे फळ होय. इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन विकिरणाचे जे गणित भाभांनी तरुणपणी केले होते, त्याच ‘भाभा विकिरणा’ने लेपवरील टक्करींची संख्या मोजली जात असे, हा योगायोग येथे नोंदविल्यावाचून राहवत नाही.

अमेरिकेतील फर्मीलॅबच्या टेव्हाट्रॉन या प्रोटॉन-प्रतिप्रोटॉन टक्करयंत्रावर डी-झीरो प्रयोगात दिल्ली व पंजाब विद्यापीठांसह संस्था सहभागी झाली. म्यूऑन-यंत्रणेच्या बाहेरच्या आवरणावर बसविण्याचे सिंटिलेटर गणक उभारण्याचे काम तिच्याकडे आले, ते विश्वकिरणांतून येणारे म्यूऑन ओळखून वगळण्यासाठी. ज्या किरणांचा पाठपुरावा पूर्वसूरींनी चाळीस वर्षे केला, तेच किरण आता अडथळा म्हणून बाजूस सारायचे होते, आणि ते काम त्यांची रग न्‌ रग जाणणाऱ्यांकडे आले.

सहावे दशक : १९९५ ते २००४

२ मार्च १९९५ रोजी डी-झीरो आणि सीडीएफ या दोन प्रयोगांनी टॉप क्वार्कच्या शोधाची घोषणा केली. या यशात सैद्धान्तिकांचाही वाटा होता, आणि तो मराठी वाचकास विशेष जिव्हाळ्याचा आहे. पुण्याच्या हुजूरपागेत शिकलेल्या रोहिणी गोडबोले अमेरिकेतून पीएच. डी. करून १९७९ साली संस्थेत दाखल झाल्या आणि १९८२ पासून मुंबई विद्यापीठात अध्यापन करू लागल्या. संदीप पकवासा आणि संस्थेतील डी. पी. रॉय यांच्यासमवेत १९८३ साली त्यांनी असे दाखविले की, जड क्वार्कपासून निघणारा इलेक्ट्रॉन किंवा म्यूऑन इतर कणांच्या गर्दीपासून अलग उभा राहतो, आणि ही अलगता हीच त्याची खूण मानावी. टॉपच्या शोधात ही खूण कामास आली. विद्यापीठाच्या अध्यापन-भारातून आणि अपुऱ्या साधनांतून असे काम होऊ शकते, हे विद्यापीठांत शिकविणाऱ्या आम्हा सर्वांस फार मोलाचे वाटते. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले.

भारताच्या अणुऊर्जा विभागाने सर्नशी १९९१ साली सहकार्याचा करार केला होता. १९९६ साली एलएचसी या प्रोटॉन टक्करयंत्राच्या उभारणीतील सहभागाचा मसुदा मंजूर झाला, आणि २००२ साली भारतास सर्नमध्ये निरीक्षकाचा दर्जा मिळाला. इंदूरच्या प्रगत तंत्रज्ञान केंद्राच्या देखरेखीखाली, सुमारे पस्तीस टन वजनाचे चुंबक केसाच्या जाडीइतक्या अचूकतेने स्थिर करणारे सुमारे सात हजार जॅक तयार होऊन गेले, आणि एलएचसीचे वलय त्यांवर विसावले आहे. या जॅकच्या निर्मितीत इंदूरच्या इंडो-जर्मन टूल रूमचा हात होता. तिचीच भगिनीसंस्था आमच्या चिकलठाणा औद्योगिक वसाहतीत आहे.

खुद्द टाटा मूलभूत संशोधन संस्थेने सीएमएस प्रयोगातील एक संपूर्ण घटक पत्करला. हा डिटेक्टर सुमारे १४,००० टनांचा. त्याच्या मध्यभागी महाकाय अतिवाहक चुंबक. हॅड्रॉन जातीच्या कणांची ऊर्जा मोजणारा ऊर्जामापक चुंबकाच्या आत बसवावा लागल्याने त्याची जाडी मर्यादित राहिली, आणि अतिऊर्जेच्या कणाचा वर्षाव पुरता शोषला न जाता काही भाग बाहेर निसटण्याचा धोका उत्पन्न झाला. निसटलेली ऊर्जा मोजली नाही, तर हिशेबात तूट येते. आणि तूट हीच अदृश्य नव्या कणाची खूण मानली जात असल्याने ती खोटी निघणे परवडणारे नव्हते. सबब चुंबकाच्याच धातूचा अडसर म्हणून उपयोग करून त्याच्या बाहेर सिंटिलेटरचा आणखी थर रचण्याचे ठरले. हा बाह्य ऊर्जामापक संस्थेने पंजाब विद्यापीठाच्या सहकार्याने तयार केला. सेंटिमीटरभर जाडीच्या प्लास्टिकच्या फरशा कापणे, त्यांत खाचा कोरणे, खाचांत मिलिमीटरहून बारीक प्रकाशतंतू बसविणे, प्रत्येक तबक विश्वकिरणांखाली तपासून पाहणे आणि अशी ४३२ तबके सर्नला रवाना करणे, हे काम वर्षानुवर्षे चालले. ऊर्जामापकाच्या पुढे बसणाऱ्या पूर्वमापकाचे सिलिकॉनचे संवेदक भाभा अणुसंशोधन केंद्र व दिल्ली विद्यापीठ यांनी पुरविले. या कामांत किती कारागीर, तांत्रिक सहायक व विद्यार्थी राबले, त्या सर्वांची नावे येथे देणे अशक्य आहे. संस्था त्यांची ऋणी आहे.

याच काळात संस्थेस अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. तोपर्यंत तिच्या विद्यार्थ्यांस पदव्या मुंबई विद्यापीठाकडून मिळत असत.

सातवे दशक : २००५ ते २०१४

१० सप्टेंबर २००८ रोजी एलएचसीत पहिली शलाका फिरली; नऊच दिवसांनी चुंबकांच्या जोडणीत बिघाड होऊन वर्षभराहून अधिक खोळंबा झाला; आणि ३० मार्च २०१० रोजी उच्च ऊर्जेच्या टक्करी सुरू झाल्या. टक्करींचे अफाट माहितीभांडार एका जागी साठविणे शक्य नसल्याने ते जगभरच्या केंद्रांत वाटले जाते, आणि त्यांपैकी सीएमएसचे एक केंद्र कुलाब्यास आहे. ४ जुलै २०१२ रोजी सीएमएस व अ‍ॅटलास यांनी हिग्ज बोसॉनसदृश कण सापडल्याचे जाहीर केले, तेव्हा कुलाब्याच्या सभागृहापासून आमच्या लहानशा भौतिकी विभागापर्यंत सर्वत्र तो दिवस सणासारखा साजरा झाला. पुण्याची भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थाही याच सुमारास सीएमएसमध्ये दाखल झाली.

जपानमधील त्सुकुबा येथील बेल प्रयोगातही संस्थेचा गट होता. द्रव्य आणि प्रतिद्रव्य यांच्या वर्तनातील भेदाचे तेथील मापन कोबायाशी व मास्कावा यांच्या उपपत्तीस पुष्टी देणारे ठरले, आणि त्या दोघांस २००८ चे नोबेल पारितोषिक लाभले.

२०१५ पासून आजपर्यंत

१६ जानेवारी २०१७ रोजी भारत सर्नचा सहयोगी सदस्य झाला. बेलची पुढील आवृत्ती असलेल्या बेल-२ मध्ये सिलिकॉनच्या शिरोबिंदू-डिटेक्टरातील चौथ्या थराच्या शिड्या संस्थेच्या गटाने जुळविल्या. उदकमंडलम येथे जपानी सहकाऱ्यांसमवेत चाललेला ग्रेप्स-३ प्रयोग विश्वकिरणांची मूळ परंपरा चालवीत आहे. त्याचे सिंटिलेटर आणि प्रमाणी गणित्रे तेथील प्रयोगशाळेतच तयार होतात, आणि ५६० चौरस मीटर क्षेत्राच्या तेथील म्यूऑन-दुर्बिणीने १ डिसेंबर २०१४ च्या एका गडगडाटी मेघात १.३ अब्ज व्होल्टचा विद्युत्दाब असल्याचे म्यूऑनांच्या घटीवरून दाखविले, हे संशोधन २०१९ साली प्रसिद्ध झाले.

कोलारचा वारसा पुढे नेण्यासाठी तमिळनाडूतील थेनी जिल्ह्यात डोंगराच्या पोटात ५०,००० टन चुंबकित लोखंडाची भारतीय न्यूट्रिनो वेधशाळा उभारण्याची योजना आखण्यात आली. जानेवारी २०१५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे १,५०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. पर्यावरणविषयक परवाने आणि स्थानिक रहिवाशांच्या शंका यांमुळे काम पुढे सरकले नाही. तथापि मदुराईस ८५ टनांची लघुप्रतिकृती उभी राहून चालू आहे, आणि त्यानिमित्ताने काचेच्या प्लेटींचे डिटेक्टर देशी कारखान्यांत घडविण्याची विद्या हस्तगत झाली. ही वेधशाळा व्हावी, अशी या लेखकाची उत्कट इच्छा आहे. आमच्या मराठवाड्यात, हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ परिसरात, चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांची लायगो-इंडिया ही गुरुत्वतरंगांची वेधशाळा मंजूर झाली आहे. एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी २,६०० कोटी रुपयांची तरतूद झाली. ती मूलकणांची प्रयोगशाळा नव्हे आणि तिचा कारभार पुणे, इंदूर व गांधीनगर येथील संस्थांकडे आहे. पण सूक्ष्मतम कंप पकडणाऱ्या उपकरणांची जी कारागिरी तिला लागेल, ती याच जातीची आहे.

सांप्रत कुलाब्याच्या उच्च ऊर्जा भौतिकी विभागातील मोठे काम सीएमएसच्या नव्या, अतिसूक्ष्म कप्प्यांच्या ऊर्जामापकाचे आहे. एलएचसीची तीव्रता कैकपट वाढविली जाणार असून त्या माऱ्यात जुने भाग टिकणार नाहीत. म्हणून षट्कोनी सिलिकॉन संवेदकांचे हजारो घटक जगातील मोजक्या सहा केंद्रांत जुळविले जात आहेत, आणि त्यांपैकी एक केंद्र टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आहे. धूलिरहित दालनात संवेदकावर मंडलपट बसविणे, केसाहून बारीक तारांनी दोहोंची जोडणी करणे, प्रत्येक जोड तपासणे, थंड तापमानात घटक चालवून पाहणे आणि तो पुढे रवाना करणे, असा तेथील नित्यक्रम आहे. पदार्थविज्ञानाच्या पदवीधरांस प्रवेशपरीक्षा व मुलाखतीतून पीएच. डी. साठी, तसेच पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांस उन्हाळी अभ्यागत कार्यक्रमातून काही आठवड्यांसाठी या विभागात काम करता येते आणि त्याबद्दल विद्यावेतनही मिळते. मराठवाड्यातील महाविद्यालयांच्या विभागप्रमुखांनी ही माहिती आपल्या सूचनाफलकावर वेळेवर लावावी.